शिष्यवृत्तीचा फॉर्म आणि चिडणारे बाबा

मावशी,

तुमचं सदर नेहमी वाचते, लिहितेय मात्र पहिल्यांदाच. आम्ही मूळचे परभणी जिल्ह्यातले, जिंतूर तालुक्यातले. लग्नानंतर मी पुण्यात असते, नोकरी करते. आम्ही दोघी बहिणीच. धाकटीला यंदा कॅप राउंडमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, छत्रपती संभाजीनगरच्या एका खाजगी विनाअनुदानित कॉलेजात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. आम्ही ओबीसी आहोत. मुलींची फी माफ आहे असं सगळे सांगतात, पण त्यासाठी महाडीबीटीवर, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, फॉर्म भरायचाय आणि गाडी तिथेच अडलीय.

बाबांची तीन एकर कोरडवाहू, शिवाय ते एका शाळेच्या गाडीवर ड्रायव्हर आहेत. आई शिवणकाम करते. मी रोज रात्री फोन करून एकेक कागद विचारते. उत्पन्न किती लिहायचं असं विचारलं की बाबा चिडतात. परवा म्हणाले, "तुला काय करायचंय माझ्या कमाईशी? तू तुझ्या घरचं बघ." आणि फोन आईकडे दिला. तालुक्याला दाखले काढून देणाऱ्या, फॉर्म भरून देणाऱ्या एका केंद्रवाल्याने त्यांना सांगितलंय, "ऐंशी हजाराचा दाखला काढून देतो, सगळ्या योजनांत बसाल. दोन हजार द्या, फॉर्मही मीच भरतो." बाबा त्याच्याकडेच जायला निघालेत. बहीण अकरावीत असताना तिचं प्रोफाइल त्यानेच उघडलं होतं, पासवर्ड अजून त्याच्याकडे आहे. तिच्या आधारला जोडलेला नंबर बाबांचा जुना, तो कधीचाच बंद पडलाय. त्यात कॉलेज म्हणतंय, आधी पूर्ण फी भरा, शासनाकडून आली की परत देऊ.

मला वाटतं, सगळं माझ्याकडे घ्यावं, इथे बसून मीच फॉर्म भरून टाकावा आणि बाबांना काही विचारूच नये. बरोबर आहे ना?

— एक थोरली बहीण, पुणे

*

प्रिय मुली,

नाही, सगळं तुझ्याकडे घेऊ नकोस. टायपिंग तू कर, कागद स्कॅन तू कर, तारखांवर नजर तू ठेव. पण उत्पन्न सांगणं, सही करणं, ओटीपी घेणं, बँकेत जाणं ही कामं तुझे आई-बाबा आणि तुझी बहीण यांचीच राहू देत. इंजिनिअरिंग चार वर्षांचं आहे आणि हा अर्ज दरवर्षी नव्याने करावा लागतो. तू पुण्यात बसून यंदाचं वर्ष काढशील. पुढच्या वर्षी तुझ्या घरी काही अडचण आली, तर जिंतूरला एकालाही ठाऊक नसेल की कुठला कागद कुठे आहे आणि नंबर कुणाचा दिलाय.

आधी हे समजून घे की पणाला किती लागलंय, म्हणजे ते बाबांनाही नीट सांगता येईल. शासनाने ८ जुलै २०२४ ला निर्णय काढला. ज्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे, अशा आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांचा पूर्ण लाभ मिळतो. पूर्वी तो निम्माच होता. २०२४-२५ पासून हे लागू झालं. अट अशी की प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेला चालत नाही, खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही त्यात येत नाहीत. तुझ्या बहिणीचा प्रवेश कॅपमधून आहे, विनाअनुदानित कॉलेजही यात बसतं, तेव्हा तुम्ही अगदी आत आहात. माफ होतं ते मात्र शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कच. विकास शुल्क, वसतिगृह, मेस हे खर्च राहतात आणि त्याची तयारी वेगळी करायला हवी. "सगळं फुकट आहे" असं बाबांना सांगून ठेवू नकोस, नंतर त्यांनाच ते टोचेल.

आता बाबांकडे येते, कारण तुझ्या पत्रातली खरी गाठ तिथे आहे.

मी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात शिष्यवृत्तीच्या टेबलावर बरीच वर्षं काढली. जुलै-ऑगस्टमध्ये टेबलापुढे रांग असायची. वडील हातात कॅरीबॅग घेऊन उभे, त्यात कागदांची भेंडोळी, शेजारी मुलगा नाहीतर मुलगी. मी विचारायचे, "वर्षाचं उत्पन्न किती?" वडील आधी मुलीकडे बघायचे. मग काहीतरी पुटपुटायचे, नाहीतर "लिहा ना तुमच्या मनाने" म्हणायचे. कधीकधी खेकसायचेसुद्धा. मग मी मुलीला म्हणायचे, "बाळ, एवढी झेरॉक्स काढून आण." ती दाराबाहेर पडली की तोच माणूस सगळं सरळ सांगायचा. सोयाबीन किती झालं, काय भावाने गेलं, सोसायटीचं कर्ज किती, बायको कुणाच्या शेतात जाते, सगळं. आकडा त्यांना ठाऊक असायचा. लेकराच्या देखत तो उच्चारणं त्यांना जड जायचं.

तुझ्या बाबांचं तसंच असेल असं मी ठामपणे म्हणत नाही, पण विचार करून बघ. रात्री दमून आलेला माणूस, फोन स्पीकरवर, बाजूला बायको, समोर धाकटी लेक, आणि पलीकडून सासरी गेलेली, कमावती लेक विचारतेय की तुम्ही वर्षाला मिळवता किती. तुझा पगार त्यांना ठाऊक असेल आणि कदाचित तो त्यांच्यापेक्षा बराच जास्त असेल. "तू तुझ्या घरचं बघ" हे वाक्य तुला लागलं असणार, आणि लागण्यासारखंच आहे ते. पण ते तुला दूर लोटण्यासाठी म्हटलं असेल असं मला वाटत नाही. मुलीच्या शिक्षणाचा खर्च आपल्याला पेलायला हवा होता, ही जी बोच असते, ती अशी रागाच्या रूपात बाहेर पडते.

दुसरीही एक शक्यता आहे आणि ती बोलून दाखवायला बाबांना नको वाटत असेल. घरात रेशनचं धान्य येत असेल. आईला लाडकी बहीण योजनेचे महिन्याला पंधराशे मिळत असतील. गावात बोललं जातं की उत्पन्नाचा दाखला जास्तीचा निघाला की सगळं बंद होतं. ही भीती पोकळ नाही. लाडकी बहीणची मर्यादा अडीच लाख आहे. रेशनच्या प्राधान्य यादीची ग्रामीण भागातली मर्यादा वर्षाला ४४ हजार ठरवलेली आहे, जी आजच्या मजुरीच्या मानाने फारच अपुरी आहे. बाबांच्या मनात हे असेल, तर "असं काही होत नाही" म्हणून उडवून लावू नकोस. समोरासमोर बसून दोन्ही बाजू मांड. एकीकडे चार वर्षांची इंजिनिअरिंगची फी आहे, दुसरीकडे धान्य आहे, आणि निर्णय त्यांचा आहे. फीची रक्कम कागदावर लिहून दाखव, कॉलेजच्या पत्रकातून. बहुतेक आई-बाप तो आकडा बघून स्वतःच ठरवतात.

म्हणून माझं सांगणं आहे की रात्रीचे फोन थांबव आणि एकदा घरी जा. शुक्रवार-शनिवार धर, शनिवारी बँक उघडी आहे का ते आधी बघून घे. गेल्या गेल्या फॉर्मचा विषय काढू नकोस. काढशील तेव्हा प्रश्न विचारून सुरुवात करू नकोस, माहिती देऊन कर: "बाबा, मर्यादा आठ लाख आहे. आपण तिच्या खूप आत आहोत. त्यामुळे खरं आहे ते सांगितलं तरी फी माफ होतेच." बस, एवढंच. आकडा तुला कळायलाच हवा असं नाही. दाखला तहसीलमधून निघतो, त्यासाठी तलाठ्याचा अहवाल लागतो. बाबा तलाठ्याकडे एकटे जाऊ देत. जे सांगायचं ते तिथे सांगतील, दाखल्यावर आकडा येईल, फॉर्ममध्ये तोच भरायचा. तुला तो दिसेलच, पण तुझ्या प्रश्नाला उत्तर म्हणून द्यावा लागला नाही, यात फरक पडतो.

त्या ऐंशी हजारांच्या दाखल्याचं मात्र स्पष्ट सांगते: घेऊ नका.

हिशेब कर. ड्रायव्हरचा पगार महिन्याला दहा-बारा हजार धरला तर वर्षाचे सव्वा ते दीड लाख तिथेच झाले. त्यात तीन एकर कोरडवाहूचं जे काही हाती लागत असेल ते, आणि आईच्या शिवणाचे पैसे. सगळं मिळूनही आठ लाखांच्या जवळपास जात नाही. खरं सांगून पूर्ण लाभ मिळतोय, मग खोटं कशासाठी? दाखल्याच्या अर्जासोबत स्वयंघोषणापत्र असतं आणि त्यात माहिती खोटी निघाल्यास शिक्षेस पात्र राहीन असा मजकूर असतो. त्याखाली सही केंद्रवाल्याची नसते, तुझ्या बाबांची असते. पगार बँकेत जमा होत असेल तर तो चौकशीत सहज दिसतो. उद्या चौकशी झाली, शिष्यवृत्ती वसूल करायची वेळ आली, तर तो माणूस "मी फक्त भरून दिलं" म्हणून मोकळा होईल. बाबांशी बोलताना हाच मुद्दा पुढे ठेव, कारण नावाला जपणाऱ्या माणसाला तो लगेच पटतो. आणि मनात आणखी एक असू दे: बाबा त्याच्याकडे लबाडी करायला निघालेले नाहीत. त्यांना कुणीतरी "मी करतो, तुम्ही काळजी करू नका" असं म्हणणारं हवं होतं. ते म्हणणारी तू होऊ शकतेस.

दोन हजारांचंही तेच. उत्पन्नाचा दाखला आपले सरकार केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवर घरूनही काढता येतो. फी ठरलेली असते, तिचा फलक केंद्रात लावलेला असतो आणि पावती मिळते. शिक्षणासाठीच्या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला पाचशेचा मुद्रांक लागत नाही, साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र चालतं. कुणी स्टॅम्प पेपर आणा म्हणालं तर हे सांग. दाखला लोकसेवा हक्क कायद्यात येतो, त्याला मुदत आहे, आणि मुदतीत मिळाला नाही तर अपील करता येतं. अर्जाची पोच हातात असली की नुसतं "पोच आहे माझ्याकडे" म्हटल्यानेही काम हलतं, हे मी पाहिलेलं आहे. सगळे केंद्रवाले वाईट असतात असं मात्र मनात धरू नकोस. कितीतरी जण रात्री उशिरापर्यंत पोरांचे फॉर्म भरत बसतात आणि नेमके पैसे घेतात. तसा भला माणूस तालुक्यात शोध आणि त्याच्याकडे जा. फक्त पासवर्ड आणि ओटीपी त्याच्या हाती देऊ नकोस.

आता त्या बंद नंबरचं. माझ्या मते तुमचं पहिलं काम हेच आहे, दाखल्याच्याही आधीचं. महाडीबीटीवर एका आधारवर एकच प्रोफाइल असतं. केंद्रवाल्याकडे जुनं आहे म्हणून नवं उघडू असं होत नाही. जुनंच परत मिळवायला हवं, त्यासाठी ओटीपी लागणार, आणि नंबर बंद असेल तर ओटीपी जाणार कुठे? बहिणीचा स्वतःचा मोबाइल नंबर आधारला जोडून घ्या. त्यासाठी तिला स्वतः जावं लागेल, आधार केंद्रात, नाहीतर पोस्टात. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे पोस्टमनही हे काम करतात, गावच्या पोस्टमनला विचारून बघा. पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतात, ते तिने दिले नसतील तर त्याच फेरीत उरकून घ्या. नंबर जोडला गेला की केंद्रवाल्याकडून युझरनेम घ्या, शांतपणे, भांडण न काढता. लगेच पासवर्ड बदला आणि प्रोफाइलमध्ये मोबाइल व ईमेल तिचा टाका. तुझा नको, तिचा. मला माहीत आहे, तुझा दिला तर तुला सोपं जाईल. पण ती अठरा वर्षांची आहे आणि वर्गात बसलेली असताना ओटीपीसाठी तुझ्या मीटिंगा संपायची वाट बघणं तिला परवडणार नाही.

दुसरं काम बँकेचं, आणि इथे भले भले अडकतात. पासबुकावर "आधार लिंक" असा शिक्का असला की झालं, असं लोकांना वाटतं. खात्याला आधार नोंदवलेलं असणं वेगळं आणि सरकारी पैसे त्या खात्यात यावेत म्हणून आधार सीडिंग झालेलं असणं वेगळं. सीडिंगची नोंद एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार सांभाळणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडे असते आणि एका आधारला एकच खातं जोडलेलं असतं, जे सगळ्यात शेवटी सीड झालं ते. माझ्या टेबलावर एक मुलगा यायचा. अर्ज मंजूर, पैसे पाठवल्याची नोंद आहे, पण याचं पासबुक कोरडं. शोधता शोधता निघालं की शाळेत असताना गावात आलेल्या बँक मित्राने त्याचं शून्य शिलकीचं खातं उघडलं होतं आणि सीडिंग त्याला झालं होतं. त्या खात्याचं पासबुकही घरात नव्हतं. पैसे बुडाले नाहीत, पण फिरफिर किती झाली! तेव्हा माय आधारच्या संकेतस्थळावर बहिणीचा आधार नंबर टाकून बँक सीडिंग स्टेटस बघा. तिथे ज्या बँकेचं नाव दिसेल, पैसे तिथे जातील. ते खातं चालू आहे का, तिच्या एकटीच्या नावावर आहे का, केवायसी झालंय का, एवढं बघा. बँक बदलायची असेल तर हव्या त्या शाखेत जाऊन सीडिंगचा संमती अर्ज तिने सही करून द्यावा. बाबांचं किंवा आईचं खातं चालणार नाही.

बाकी कागद तुला ठाऊक असतील: जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन क्रीमिलेयर, अधिवास, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, कॅपचं अलॉटमेंट पत्र, फीची पावती. प्रवेशाच्या वेळी यातले बरेचसे काढलेलेच असणार. नॉन क्रीमिलेयर आणि उत्पन्नाचा दाखला हे दोन वेगळे कागद आहेत, एक असला की दुसरा लागत नाही असं नाही. उत्पन्नाच्या दाखल्यावर तो कुठल्या तारखेपर्यंत ग्राह्य आहे ते छापलेलं असतं, तेवढं बघून घे. त्याच्यावरचा बारकोड क्रमांक फॉर्ममध्ये टाकावा लागतो, तो एकदा मोठ्याने वाचून दुसऱ्याकडून तपासून घे. फाइल २५६ केबीपेक्षा मोठी चालत नाही, आणि मोबाइलवर काढलेला फोटो हमखास मोठा निघतो.

नावांकडे मात्र बारकाईने बघ. आधारवर एक स्पेलिंग, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरं, दाखल्यावर तिसरं, असं आपल्याकडे घरोघरी असतं. ज्ञानेश्वर एका ठिकाणी डी-एनने सुरू होतो, दुसऱ्या ठिकाणी जीने. कुणाच्या नावात "राव" आहे, कुणाच्या नाही. बहिणीचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे आहे ना, एवढं पक्कं कर. आधारवर चूक असेल तर नंबर जोडायला जाल त्याच फेरीत तीही दुरुस्त करून घ्या. बाबांच्या नावात फरक असेल तर घाबरून जाऊ नका, कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात आधी दाखवा, काय जोडायचं ते तिथे सांगतील.

आणि हे सगळे कागद आईकडे दे. तुझ्या पत्रात आईचा उल्लेख शिवणकामापुरता आणि फोन हातात घेण्यापुरताच आलाय, पण कुठला कागद कुठल्या पिशवीत, कुठल्या डब्याखाली आहे हे त्या घरात नक्की तिलाच माहीत असणार. एक फाइल आण, मूळ कागद एका बाजूला, झेरॉक्स दुसऱ्या बाजूला, आणि वर एका वहीत युझरनेम, अर्ज क्रमांक, बँकेचं नाव, कुठल्या तारखेला काय केलं. वही आईच्या अक्षरात असू दे. तिला लिहिता येत नसेल तर बाबांच्या, नाहीतर धाकटीच्या. फॉर्म भरतानाही चौघे एकत्र बसा, मोबाइलपेक्षा लॅपटॉपवर, म्हणजे पडदा सगळ्यांना दिसेल. प्रत्येक रकाना मोठ्याने वाच. बाबांच्या व्यवसायाचा रकाना आला की त्यांना विचार, "काय लिहू? शेती की नोकरी?" त्यांच्या तोंडून आलेला शब्द लिही. एकदा त्यांनी एका रकान्याचं उत्तर स्वतःहून दिलं की पुढचं सगळं किती सोपं होतं ते तुला दिसेल. सबमिट करायच्या आधी पूर्ण अर्ज त्यांना वाचून दाखव. खाली घोषणा असते, तीही वाच.

कॉलेज पूर्ण फी आधी मागतंय, त्याबद्दल. पात्र मुलींकडून प्रवेशाच्या वेळी हे शुल्क घेऊ नये, अशा सूचना उच्च व तंत्रशिक्षण विभागाने महाविद्यालयांना दिलेल्या आहेत. कॉलेजांची बाजूही मला ठाऊक आहे, शासनाकडून प्रतिपूर्ती वेळेवर येत नाही आणि प्राध्यापकांचे पगार थांबतात. पण त्याचा भार ड्रायव्हरच्या पगारावर टाकणं अन्यायाचं आहे आणि ते मान्य करायची गरज नाही. बहिणीने आणि बाबांनी मिळून प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज करावा: प्रवेश कॅपमधून झाला आहे, प्रवर्ग अमुक, उत्पन्न आठ लाखांच्या आत, ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार शिक्षण व परीक्षा शुल्क आकारू नये. सोबत दाखल्यांच्या प्रती. आवक विभागात द्यायचा, शिक्का मारलेली प्रत घ्यायची. बोलायचं शांतपणे, तोंडी वाद घालायचा नाही. लेखी उत्तर मागितलं की बऱ्याच ठिकाणी सूर बदलतो. नाहीच ऐकलं, तर संभाजीनगरलाच तंत्रशिक्षण विभागाचं विभागीय सहसंचालक कार्यालय आहे, तिथे हाच अर्ज द्या. प्रवेश जाईल या धाकाने काही रक्कम भरावी लागलीच, तर पावतीवर कुठल्या शीर्षाखाली किती घेतले हे वेगवेगळं लिहून घ्या. "एकूण फी" अशी मोघम पावती घेऊ नका, नंतर परतावा मागताना तीच आडवी येते. आणि त्यासाठी बाबांना सावकाराकडे जाऊ देऊ नकोस. तेवढ्यापुरती तू मदत केलीस तर ती उसनवार आहे, परतावा आला की बहीण तुला देईल, असं ठरवूनच दे. बाबांना ते घेणं सोपं जाईल.

अर्ज सबमिट झाला की काम संपलं असं समजू नका. तो आधी कॉलेजच्या लिपिकाकडे जातो, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, तिथून जिल्ह्याच्या कार्यालयात. वाटेत कुठेही त्रुटी दिसली की परत पाठवला जातो, आणि परत आलेला अर्ज तसाच पडून राहिल्यामुळे लाभ गेलेली मुलं मी खूप पाहिली आहेत. हुशार, गरजू मुलं, आणि त्रुटी काय, तर गुणपत्रिकेची मागची बाजू जोडलेली नाही. बहिणीला सांग, दर रविवारी एकदा लॉगिन करून स्थिती बघायची. प्रिंट काढून कॉलेजात वेळेत द्यायची, कारण कॉलेजची तारीख शासनाच्या तारखेच्या आधीची असते. शासनाची मुदत वाढते म्हणून लोक निर्धास्त राहतात, कॉलेजची वाढेलच असं नाही. "तुमची शिष्यवृत्ती मंजूर झाली, ओटीपी सांगा" असा फोन आला तर काय करायचं, हे आई-बाबांना आताच समजावून ठेव. कुठलंही कार्यालय फोनवर ओटीपी मागत नाही.

राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी ओबीसी मुलींच्या शासकीय वसतिगृहाची चौकशी आधी करा. तिथे जागा मिळाली नाही, तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. तिच्या अटी आणि मुदत वेगळ्या आहेत आणि अर्ज स्वतंत्र करावा लागतो, तेव्हा घरी जाशील तेव्हाच धाकटीला त्याची माहिती काढायला बसव. हे काम तिला पूर्ण एकटीला करू दे, तू फक्त शेवटी तपास.

पुढच्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज येईल. तेव्हा लॅपटॉपपुढे ती बसेल, आई फाइल काढेल, बाबा नवा दाखला आणतील. तू पुण्याहून फोनवर असलीस तरी चालेल. कॉलेजचं लेखी उत्तर काय आलं ते मला नक्की कळव. त्यांनी नकार दिला असेल तर पुढच्या अर्जाचा मजकूर आपण मिळून करू.

तुझी,
मावशी